रेटारेटी आणि सुशीझुमे

चारशे वर्षांपूर्वी वसईच्या एका माणसाला जपानी उत्तम येत होतं. गोन्सालो गार्सिया १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषे म्हणून मनिलाहून जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २५ सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवलं.

त्यांच्या वसईतल्या गास गावचे चाकरमानी आज रिक्षाने नालासोपारा स्टेशन गाठतात. जपानीशी त्यांचा संबंध नाही, पण लोकलमध्ये ते रोज जे भोगतात त्याला जपानीत नेमका शब्द आहे: मानइन देन्शा, म्हणजे माणसांनी ठासून भरलेली गाडी.

शेजारच्या विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ मध्ये सुटली, १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली, आणि वस्ती वाढत गेली तशी गर्दीही. रेल्वेच्या भाषेत तिची शेवटची पायरी 'सुपर डेन्स क्रश लोड': एका चौरस मीटरमध्ये उभी १४ ते १६ माणसं.

जपानही गर्दी मोजतो. तिथल्या परिवहन खात्याचं कोन्झात्सुरित्सु, म्हणजे गर्दीचं प्रमाण, वर्षानुवर्षं वर्तमानपत्राच्या उदाहरणाने समजावलं गेलं! १५० टक्क्यांना ते सहज उघडून वाचता येतं, १८० टक्क्यांना घडी घालून, आणि २५० टक्क्यांना हातही हलवता येत नाही. बोलीत मात्र जपानी माणूस थेट स्वयंपाकघरात शिरतो. डबीत दाबून बसवलेल्या सुशीवरून 'सुशीझुमे', आणि समुद्रकिनारा फुलला की 'पिंपातले कंद धुवावेत तशी' गर्दी.

मराठीही स्वयंपाकघराकडे वळते. तीळ ठेवायला जागा नसते. पण मराठीची खरी ताकद जोडशब्दांत आहे: रेटारेटी, ढकलाढकली, चेंगराचेंगरी. शब्द दुमडला की रेटणारा आणि रेटला जाणारा एकच होतो. जपानमध्ये मात्र ही दोन माणसं कधीकाळी वेगळी झाली. १९५५ मध्ये टोकियोच्या शिंजुकू स्टेशनवर प्रवाशांना डब्यात ढकलायला माणसं नेमली गेली, पुष्कळसे अर्धवेळ काम करणारे विद्यार्थी. लोक त्यांना 'ओशिया' म्हणू लागले, ढकलण्याचा धंदा करणारे.

नालासोपाऱ्याला असा पगारी माणूस लागत नाही. ते काम मागचा प्रवासी फुकटात करतो. त्यातून सुटायला काही जण आधी उलटी गाडी पकडून विरार गाठतात आणि त्याच डब्यात बसून परत येतात. याला म्हणायचं 'रिटर्न'. उशीर झालेल्याला चौथी सीट मिळते, तीन जणांच्या बाकावर अर्धं अंग टेकवण्यापुरती.