बोट गेलं त्याचा हिशेब

आज आम्ही इतिहास सांगणार आहोत, पण सुरुवात आमच्याच गटाच्या वहीपासून करतो, कारण त्या वहीत आमची एक चूक लिहिलेली आहे.

दोन हंगामांमागची गोष्ट. आमच्या गटातल्या एक वहिनी गुऱ्हाळावर चिपाडं वाळवायला जायच्या. त्या दिवशी चरकाला ऊस लावणारा गडी आला नव्हता, म्हणून मालकांनी त्यांना उभं केलं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला. थंडीत आपण सगळ्याच घालतो. ऊस सारताना शर्टाची बाही ओढली गेली आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं शेवटचं पेर चिरडलं. मालकांनी दवाखान्याचं बिल भरलं, वर पाच हजार रुपये दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला. "आता माझं काही देणं लागत नाही" असा तो कागद. घरात सगळ्यांना वाटलं, भला माणूस आहे.

त्यांच्या नावावर गटाचं अंतर्गत कर्ज होतं. एक हप्ता चुकला. बैठकीत कुणीतरी विचारलं, "वहिनी, पुढच्या महिन्यात तरी जमंल न्हवं?" कुणी रागावलं नाही, दंडही लावला नाही, नुसतं विचारलं. पण वहिनी चौथ्या आठवड्यात पट्टी बांधलेल्या हातानं उसाच्या मोळ्या बांधायला गेल्या. पाचट लागून जखम उघडली, पू झाला, आणि जिथं एक पेर गेलं होतं तिथं डॉक्टरांना अख्खं बोट काढावं लागलं. हप्ता मात्र त्या महिन्यात वेळेवर आला. वहीत त्याच्यापुढं बरोबरची खूण आहे.

त्यानंतर आम्ही शोधायला लागलो, की कामावर इजा झालेल्या माणसाचं पुढं काय व्हायचं, आधीच्या लोकांनी याचा काही विचार केला होता की नाही. केला होता, आणि आपल्याच मराठी माणसांनी केला होता.

मुंबईत १८५० नंतर कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. आपल्या घाटावरून आणि खाली कोकणातून माणसं तिकडं गेली. बायाही गेल्या, त्या बहुतेक सूत गुंडाळण्याच्या खात्यात. यंत्रं उघडी, पट्टे उघडे, काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. हात गेला तर काय? तर गाव. गिरणीतून लुळा झालेला माणूस गाडीत बसून गावाकडं परत यायचा आणि भाकरी घालायची ती घरच्या बाईनं. गाव हाच त्याचा विमा होता, आणि त्या विम्याचा हप्ता भरत होती बाई. हे कुठल्या हिशेबात आलं नाही.

१८८१ मध्ये इंग्रज सरकारनं पहिला कारखाना कायदा केला. धोक्याच्या यंत्राला कठडा घाला, सात वर्षांखालची मुलं कामाला ठेवू नका, असं त्यात होतं. जखमी झालेल्याचं पुढं काय, यावर काही नाही.

तेव्हा पुढं आले नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू' या पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत परळच्या बाजूला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारनं नेमलेल्या आयोगापुढं ठेवलं. रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, पगार वेळेवर हवा. या मागण्या आपण शाळेत वाचल्यात, निदान रविवारची तरी. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, ती कुणी सांगत नाही. काम करताना इजा होऊन कामगार घरी बसला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

आम्ही हे वाचलं तेव्हा पुन्हा मागं जाऊन वाचलं. 'बरा होईपर्यंत' हे शब्द बघा. उपचाराचा खर्च द्या आणि सोडून द्या, असं ते म्हणत नव्हते. माणूस अर्धवट बरा असताना पोटासाठी परत यंत्रापुढं उभा राहतो आणि मग दुसरा हात घालवून बसतो, हे लोखंड्यांना दिसलं होतं. आमच्या बैठकीला ते एकशे चाळीस वर्षांनंतरही दिसलं नाही.

त्याच १८८४ साली तिकडं जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये भरपाईचा कायदा व्हायला १८९७ उजाडलं. लोखंडे त्याच १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले. रविवारची सुट्टी त्यांनी १० जून १८९० ला मिळवली. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन बायाही बोलल्या होत्या. त्या काय बोलल्या असतील याचा विचार आम्ही भात लावताना करतो. इजेची मागणी मात्र त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

ती अर्धीमुर्धी पुरी झाली १९२३ मध्ये. ना. म. जोशी तेव्हा दिल्लीच्या विधिमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. कामगार भरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. आधी नियम असा होता, की चूक मालकाची होती हे कामगारानं कोर्टात सिद्ध करायचं. हात तुटलेल्या माणसानं वकील कुठून आणायचा? नव्या कायद्यानं हे उलटं केलं. इजा कामामुळं आणि काम करताना झाली एवढं पुरे, चूक कुणाची हे विचारायचं नाही. मुकादमामार्फत आलेली असली तरी ज्याचं काम चाललंय त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. आणि "मला काही नको" असा कागद मालकानं लिहून घेतला असेल, तर कायद्यापुढं त्या कागदाची किंमत शून्य. आमच्या वहिनींचा अंगठा तिथंच फुकट गेला, म्हणजे मालकाचा डाव फुकट गेला.

आणखी एक मजा ऐका. कायद्यात असं आहे, की बाईला भरपाईची एकरकमी रक्कम मालकानं हातात द्यायची नाही, ती आयुक्ताकडं जमा करायची, हातात दिली तर ती दिली असं धरत नाहीत. हा नियम बायकांना आणि कायद्यानं असमर्थ मानलेल्यांना एकाच ओळीत बसवून केला आहे. वाचून राग आला. नंतर वाटलं, बाईच्या हातातले पैसे संध्याकाळपर्यंत कुणाच्या खिशात जातात हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावं.

पुढचं पाऊल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या काळातलं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात प्राध्यापक बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं होतं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आपण जिला ईएसआय म्हणतो ती. इजा झाली की उपचार, घरी असेपर्यंत पगाराचा मोठा हिस्सा, आणि ती भरपाई चालू असताना मालकानं कामावरून काढायचं नाही. लोखंड्यांची मागणी इथं खरी उतरली.

पण आपल्यासाठी नाही. या कायद्यात हंगामी कारखाने वगळलेत आणि कुठले ते नावानिशी लिहिलंय. त्यात साखर आहे आणि साखरेच्या शेजारी गूळही आहे. कोल्हापूरचा गूळ देशभर जातो याचा आपल्याला अभिमान, आणि देशाच्या कायद्यात गुळाचं नाव सापडलं ते असं. तेव्हा गुऱ्हाळावरच्या बाईला आधार राहत होता तो १९२३ च्याच कायद्याचा. २०२० मध्ये संसदेनं सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली, तिच्यात हे दोन्ही कायदे घेतलेत. भरपाईची तत्त्वं तीच आहेत.

आता पैशाचं सांगतो, कारण बैठकीत सगळ्या तिथंच कान टवकारतात. १९२३ च्या कायद्याला जोडून एक कोष्टक आहे. कुठला अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, ते त्यात लिहिलंय. तर्जनीचं एक पेर गेलं तर ९ टक्के. अख्खी तर्जनी गेली तर १४. महिन्याची मजुरी ६,००० धरली आणि वय ४०, तर मजुरीचे ६० टक्के म्हणजे ३,६००, त्याला त्या वयाचा ठरलेला आकडा १८४.१७ नं गुणायचं. येतात ६,६३,०१२. त्याचे १४ टक्के म्हणजे ९२,८०० च्या वर. मालकांनी दिले होते ५,०००.

आणि ९ चे १४ झाले ते कुणामुळं? चरकानं घेतलं ते एक पेर. मधले पाच टक्के आमच्या बैठकीनं घेतले. हे आम्ही वहीत लिहून ठेवलंय.

माणूस कामावर परत कसा न्यायचा, हे एक वेगळं काम आहे हेही मुंबईनंच आधी ओळखलं. १९३६ मध्ये तिथं समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था निघाली. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. तिचं काम औषध देण्याचं नाही. हा माणूस घरी जाऊन काय खाईल, कुठलं काम करेल, कुणाशी बोलावं लागेल, हे बघायचं. १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची सरकारी संस्था सुरू झाली. आणि लांब कशाला, कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूक आहेत. तरुणपणी कमरेखालचं शरीर निकामी झालं, तरी चाकाच्या खुर्चीवरून केंद्र सरकारच्या नोकरीत गेल्या आणि १९८४ मध्ये त्यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. आपला करूळ घाट उतरून कुडाळकडं गेलं, की त्यांच्या स्वप्ननगरीत अपंग माणसं काजू प्रक्रियेचं काम करतात. माणसाला जमेल तसं काम वाकवायचं, कामासाठी माणसाला मोडायचं नाही, हे तिथं बघायला मिळतं.

आमच्या गावात समाजसेविका नाही. म्हणून दोन वर्षांपासून आम्ही एक वेगळी वही घातली आहे. कुणाला इजा झाली, की त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, मालक कोण, मुकादम कोण, बघणारं कोण, हे लिहायचं. मालकाला लेखी कळवायचं आणि त्याची प्रत ठेवायची. डॉक्टरांना विचारायचं ते "बरं कधी होईल" एवढंच नाही. ओल्यात हात घालू का, वजन किती उचलू, विळा धरू का, हे विचारून त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. घरातलं पाणी, लाकूड, जनावराची वैरण ही कामं पाळीनं वाटून घ्यायची, कारण मजुरीला नाही गेली तरी घरचं काम तिला घरी बसू देत नाही. हप्ता तोवर थांबवायचा. यावर गटात भांडण झालं. एक काकी म्हणाल्या, उद्या सगळ्याच हात दुखतोय म्हणतील. अजून कुणी म्हटलेलं नाही, पण काकींचं म्हणणंही वहीत आहे.

वहिनींना सहाव्या महिन्यात आम्ही रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या कामावर घेतलं, सुरुवातीला अर्धा दिवस. माती कोरडी, हातात मोजा. विळा त्यांनी वर्षानं धरला, तोही डाव्या हातानं.

दाव्याला इजेपासून दोन वर्षांची मुदत असते. आमचे तेवीस महिने झाले होते. १९९५ च्या दुरुस्तीमुळं कामगार राहतो तिथल्या आयुक्ताकडंही दावा करता येऊ लागला. बीडहून उसाला आलेल्या बायांनी हे ध्यानात ठेवावं, दाव्यासाठी परत इकडं यायला लागत नाही. आणि बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या कायद्यानं तो हक्क आहे, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा. आम्हाला हे आधी ठाऊक असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

दावा दाखल झालाय, निकाल नाही. पुढची तारीख लागली की सकाळची पहिली एसटी धरायची. दर वेळी दोघींनी वहिनींबरोबर जायचं ठरलंय. मागच्या खेपेला गाडीत बसल्यावर वहिनींनी पिशवीतून गटाची वही काढली, तो जुना हप्ता दाखवला आणि म्हणाल्या, "ही बरोबरची खूण तेवढी खोडा की." आम्ही अजून खोडलेली नाही.