मेट्रोमीडिया कंपनीचा उदय व वांटणी

१

सनदेनें मिळालेली वस्तु आणि मोल देऊन घेतलेली वस्तु यांतील भेद मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास नवा नाहीं. वतन वंशपरंपरा चाले. त्याची भाऊबंदांत वांटणी होई, प्रसंगीं तें गहाण पडे व विकलेंहि जाई. सरंजाम हा चाकरीसाठीं मिळे. चाकरी न झाल्यास सरकारास तो परत घेण्याचा अधिकार असे. परंतु उत्तर पेशवाईंत पुष्कळ सरंजाम पिढ्यानपिढ्या एकाच घराण्यांत राहून वतनासारखेच होऊन बसले. कायदा एक बोले व वहिवाट दुसरें सांगे. अमेरिकेंतील मेट्रोमीडिया नांवाच्या कंपनीची हकीकत वाचतांना याच भेदाची वारंवार आठवण होते.

अमेरिकेचा १९३४ चा संदेशवहनविषयक कायदा असें स्पष्ट सांगतो कीं, आकाशांतील लहरींचा उपयोग करण्याची परवानगी मुदतीनें देतां येईल. मालकी कोणासहि मिळणार नाहीं. ही परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळास फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन म्हणतात. दूरचित्रवाणी केंद्राच्या परवान्याची मुदत आरंभीं तीन वर्षांची असे. १९८१ पासून ती पांच वर्षांची झाली. परवान्यास मोल पडत नसे. लोकांची सेवा करावी, एवढीच अट असे. येणेंप्रमाणें परवाना हा जातीनें सरंजाम होय. तो वतन कसा झाला, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

२

या कंपनीचें मूळ ॲलन ड्यूमाँट याच्या प्रयोगशाळेंत आहे. इ. स. १९३१ मध्यें न्यू जर्सी प्रांतांतील अपर माँटक्लेअर येथें आपल्याच घराच्या तळघरांत त्यानें ऋणकिरण नलिका तयार करण्यास आरंभ केला. पुढें तो ग्राहकयंत्रें करूं लागला. भांडवलाची गरज पडली तेव्हां पॅरामाउंट या चित्रपट कंपनीस त्यानें आपल्या कंपनींत भागीदार करून घेतलें. न्यूयॉर्क व वॉशिंग्टन या दोन शहरांतील केंद्रें जोडून १९४६ मध्यें त्यानें दूरचित्रवाणीचें जाळें सुरू केलें. न्यूयॉर्कच्या केंद्राचें नांव त्याच्या स्वतःच्या आद्याक्षरांवरून, तर वॉशिंग्टनच्या केंद्राचें नांव त्याचा सहकारी टॉमस गोल्डस्मिथ याच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलें होतें. पिट्सबर्ग येथें त्याचें तिसरें केंद्र होतें.

एन्. बी. सी. व सी. बी. एस्. या प्रतिस्पर्ध्यांना रेडिओच्या धंद्याचा आधार होता. ड्यूमाँटास तो नव्हता. त्यांत पॅरामाउंटची भागीदारी उपकारक होण्याऐवजीं जाचक ठरली. एका मालकाकडे ठराविक संख्येपेक्षां अधिक केंद्रें असूं नयेत, असा कमिशनचा नियम होता व पॅरामाउंटचीं केंद्रें ड्यूमाँटच्याच हिशेबीं धरलीं गेलीं. त्यामुळें त्यास नवें केंद्र मिळण्याचा मार्ग बंद झाला. शिवाय १९४८ पासून १९५२ पर्यंत कमिशननें नवे परवाने देणेंच थांबविलें होतें. त्या काळांत पुष्कळ शहरांत एकदोनच केंद्रें होतीं आणि तीं बहुधा मोठ्या जाळ्यांशीं बांधलेलीं असत. १९५४ च्या अखेरीस पिट्सबर्गचें केंद्र वेस्टिंगहाउस कंपनीस ९७ लाख ५० हजार डॉलरांस विकावें लागलें. ड्यूमाँटकडे असलेलें सर्वांत मोलाचें केंद्र हेंच होतें. तें जातांच जाळ्याचा कणा मोडला. १९५५ मध्यें जाळें बहुतांशीं आटोपलें व १९५६ च्या ऑगस्टांत त्याचें शेवटचें प्रक्षेपण झालें.

जाळें गेलें, पण न्यूयॉर्क व वॉशिंग्टनचीं दोन केंद्रें राहिलीं. १९५५ मध्यें तीं मूळ कारखान्यापासून वेगळीं काढून त्यांची स्वतंत्र कंपनी करण्यांत आली. १९५८ मध्यें तिला मेट्रोपोलिटन ब्रॉडकास्टिंग हें नांव मिळालें.

३

इ. स. १९५९ मध्यें जॉन क्लूगे यानें पॅरामाउंटचे भाग सुमारें ४० लाख डॉलरांस घेऊन कंपनीचीं सूत्रें हातीं घेतलीं. हा १९१४ मध्यें जर्मनींतील केम्निट्झ येथें जन्मला व १९२२ मध्यें अमेरिकेस आला. कोलंबिया विद्यापीठांत त्याचें शिक्षण झालें. युद्धानंतर त्यानें मेरीलंड प्रांतांत एक लहान रेडिओ केंद्र काढलें, आणि खाद्यपदार्थांच्या दलालींत पैसा मिळविला. दूरचित्रवाणीच्या कलेशीं त्याचा संबंध नव्हता. वस्तु कधीं स्वस्त आहे व कधीं महाग होईल, हें ओळखणें हीच त्याची विद्या.

१९६१ मध्यें कंपनीचें नांव मेट्रोमीडिया झालें. १९६३ मध्यें लॉस एंजलिस येथील केंद्र सुमारें १ कोटी डॉलरांस घेतलें. पुढें ह्यूस्टन, शिकागो व डॅलस येथील केंद्रें आलीं. याखेरीज रेडिओ केंद्रें, रस्त्यांवरील जाहिरातींचे फलक, बर्फावरील नृत्याचा एक फिरता तमाशा व हार्लेम ग्लोबट्रॉटर्स हा बास्केटबॉल खेळणारांचा प्रसिद्ध संघ, इतक्या भिन्न वस्तु या एका कंपनीच्या छत्राखालीं आल्या. ज्या कंपनीची मुख्य मालमत्ता म्हणजे दुसऱ्या कंपन्या व त्यांचे हक्क असते, तिला सूत्रधारी कंपनी म्हणतात. मेट्रोमीडिया हें त्याचें ठळक उदाहरण होय. तिचीं बहुतेक केंद्रें कोणत्याहि मोठ्या जाळ्यांत नव्हतीं. जुने चित्रपट, इतरत्र एकदां दाखवून झालेल्या मालिका व स्थानिक वार्ता यांवर तीं चालत. खर्च थोडा, शहर मोठें व जाहिरातीचें उत्पन्न भरपूर, असें हें गणित होतें.

या गणिताचें मर्म बोस्टनच्या उदाहरणावरून दिसतें. तेथील पांचव्या वाहिनीचा परवाना प्रथम एका वृत्तपत्राच्या मालकांकडे होता. दीर्घ वादानंतर १९६९ मध्यें कमिशननें तो काढून स्थानिक नागरिकांच्या एका मंडळीस दिला. केंद्र गांवच्या लोकांच्या हातीं असावें आणि सर्व माध्यमें एकाच घरांत एकवटूं नयेत, हें त्या निर्णयाच्या कारणांतील एक होतें. नवें केंद्र १९७२ च्या मार्चांत सुरू झालें व त्यानें स्थानिक कार्यक्रमांबद्दल लौकिक मिळविला. बरोबर दहा वर्षांनीं, १९८२ मध्यें, तें मेट्रोमीडियानें २२ कोटी डॉलरांस घेतलें. एका केंद्रास इतकी किंमत त्यापूर्वीं कधीं आलेली नव्हती. इमारती, यंत्रें व मनोरे यांचें मोल या रकमेचा लहानसा अंश असेल. बाकीचें मोल परवान्याचें. कमिशननें एकाकडून काढून दुसऱ्यास जो दिला, तो तिसऱ्यानें विकत घेतला, आणि कमिशननें त्यास मान्यता दिली. सरंजाम वतन झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा मागण्याचें कारण नाहीं.

४

कंपनी फुटली ती तोटा होऊन फुटली, असा समज होण्याचा संभव आहे; तो बरोबर नाहीं. ती फुटली ती कर्जामुळें आणि भाव वाढल्यामुळें. १९८४ मध्यें क्लूगे व त्याचे मोजके सहकारी यांनीं सर्वसाधारण भागधारकांचे भाग सुमारें १ अब्ज १० कोटी डॉलरांस विकत घेतले. हा पैसा बहुतांशीं उसना होता व तारण कंपनीच्याच मालमत्तेचें होतें. त्याच वर्षीं ड्रेक्सेल बर्नहॅम लँबर्ट या पेढीमार्फत अब्जावधि डॉलरांचे चढ्या व्याजाचे कर्जरोखे काढून पहिलें कर्ज फेडण्यांत आलें. आतां व्याज भरण्याइतकें उत्पन्न काढणें किंवा मालमत्ता विकणें, असे दोनच मार्ग उरले.

याच सुमारास नियमहि सैल झाले. परवाना घेतल्यापासून तीन वर्षें विकूं नये, हा १९६२ चा निर्बंध १९८२ मध्यें उठला. एका मालकास सात केंद्रें ही मर्यादा १९८५ मध्यें बारावर गेली. गिऱ्हाइकें वाढलीं व भाव चढले. १९८५ च्या मे महिन्यांत रूपर्ट मरडॉक व मार्व्हिन डेव्हिस यांनीं मेट्रोमीडियाचीं सातहि केंद्रें २ अब्ज डॉलरांस घेण्याचा करार केला. पैकीं बोस्टनचें केंद्र ४५ कोटींस हर्स्ट कंपनीकडे जावयाचें होतें. लवकरच डेव्हिस बाजूस झाला व मरडॉक एकटा राहिला. परकी मनुष्यास परवाना देतां येत नाहीं, असें १९३४ चा कायदा सांगत असल्यामुळें मरडॉकनें त्याच वर्षीं ४ सप्टेंबर रोजीं ऑस्ट्रेलियाचें नागरिकत्व सोडून अमेरिकेचें घेतलें. १९८६ च्या मार्चांत व्यवहार पुरा झाला.

यानंतरची वांटणी थोडक्यांत अशी: रेडिओ केंद्रें तीं चालविणाऱ्या व्यवस्थापकांच्या मंडळीनें घेतलीं. जाहिरातींचे फलक, बर्फावरील तमाशा व ग्लोबट्रॉटर्स हींहि विकलीं गेलीं. फिरत्या दूरध्वनीचा धंदा, जो क्लूगेनें अगदीं आरंभीं घेतला होता, त्याचा मोठा भाग साउथवेस्टर्न बेल कंपनीकडे गेला. तुकड्यांची बेरीज अखंड कंपनीच्या मोलाहून कितीतरी अधिक भरली. १९८९ मध्यें फोर्ब्स मासिकानें क्लूगेस अमेरिकेंतील सर्वांत धनाढ्य पुरुष म्हणून गणलें. ज्या भागधारकांनीं १९८४ मध्यें आपले भाग दिले, त्यांचा या बेरजेंत वांटा नव्हता.

मरडॉकनें या सहा केंद्रांच्या पायावर १९८६ च्या ऑक्टोबरांत फॉक्स हें चौथें जाळें उभें केलें. त्यांतील न्यूयॉर्क व वॉशिंग्टनचीं केंद्रें म्हणजे ड्यूमाँटनें १९४६ मध्यें जोडलेलीं तींच दोन. जें जाळें केंद्रांच्या अभावीं बुडालें, त्याच्याच उरलेल्या केंद्रांवर चाळीस वर्षांनीं नवें जाळें उभें राहिलें. महाराष्ट्राशीं या घराचा संबंध पुढें आला. मरडॉकनें १९९३ मध्यें स्टार ही संस्था हातीं घेतली व तिच्या भारतीय शाखेनें २००८ मध्यें स्टार प्रवाह ही मराठी वाहिनी काढली.

५

आतां साधनांविषयीं एक गोष्ट सांगून लेख पुरा करितों. करार, परवाने व कमिशनचे निर्णय हे कागद सुरक्षित आहेत. त्यांवरून मालकीचा इतिहास वर्षवार लावतां येतो. परंतु ड्यूमाँटच्या जाळ्यानें दाखविलेल्या सहस्रावधि कार्यक्रमांपैकीं थोडकेच शिल्लक आहेत. १९९६ मध्यें लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या चौकशीपुढें एडी ॲडम्स या नटीनें अशी साक्ष दिली कीं, १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कंपनी दुसऱ्याकडे जात असतां हा संग्रह कोणी सांभाळावा असा वाद पडला, व अखेर तो गाड्यांत भरून न्यूयॉर्कच्या उपसागरांत बुडविण्यांत आला. ही साक्ष एकमुखी आहे व घटनेनंतर वीसपंचवीस वर्षांनीं दिलेली आहे. तींत विकत घेणाराचें नांव नाहीं. शिवाय जाळ्याची वारस जी मेट्रोमीडिया, ती त्या वर्षांत कोणाकडे गेलेली नव्हती. म्हणून साक्षींतील तपशील तूर्त ऐकीव म्हणूनच घ्यावा. मात्र संग्रह नष्ट झाला, ही गोष्ट निर्विवाद आहे.

त्याच लायब्ररीस क्लूगेनें २००० मध्यें ६ कोटी डॉलर दिले. त्यांतून मानव्यविद्यांसाठीं जें पारितोषिक निघालें, तें २००८ मध्यें भारताच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासक रोमिला थापर व पीटर ब्राउन यांस विभागून मिळालें. २०१० मध्यें क्लूगे मरण पावला. त्याच्या दानाचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. विद्येस आश्रय मिळाला हें खरेंच. तरी ज्या सनदेंतून ही संपत्ति निर्माण झाली ती लोकांची होती आणि फुकट दिलेली होती, हेंहि तितकेंच खरें. विकणारास मोल मिळालें, घेणारास जाळें मिळालें. सनद देणाऱ्या लोकांच्या पदरीं त्या व्यवहारांत काय पडलें, याची नोंद कोणत्याहि करारांत सांपडत नाहीं.