पैशाची पुडी : सरहद्दीवरचा हिवताप आणि कोयनेल

खानापूर, लोंढा ओलांडून सुपे-जोयड्याच्या रानात उतरलं की हल्ली लोक हिरवळीचे फोटो काढतात. शंभर वर्षांपूर्वी या पट्ट्याचं नाव निघालं की आधी ताप आठवायचा. कारवार जिल्हा (सरकारी कागदांत ‘कानडा’) १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. त्यानंतरच्या दस्तऐवजांत वरघाटच्या तालुक्यांची माहिती असेल तिथे तापाचा उल्लेख बहुधा असतोच. १९०१ नंतरच्या दोन जनगणनांत या जिल्ह्याची लोकसंख्या घटली. त्यात प्लेगचा आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा वाटा होता हे खरं. पण प्लेग आला आणि गेला, इन्फ्लुएंझाही गेला. हिवताप मात्र दरवर्षी यायचा.

आपल्या लोकांनी त्याला पाळीवरून नावं दिली होती. एकाआड येणारा तो तिजारी, दोन दिवस सोडून येणारा तो चौथिया. वारंवार ताप येऊन पोटात डावीकडे गोळा लागला की ‘पाणथरी वाढली’ म्हणत. उपाय म्हणून काडेकिराईत, गुळवेल, सातविणीच्या सालीचा काढा. सगळं कडू. कडू औषध तापावर चालतं ही समजूत इतकी पक्की होती की परदेशातून आलेलं आणखी एक कडू औषध लोकांनी फारशी खळखळ न करता घेतलं. त्याचं नाव कोयनेल, म्हणजे क्विनाईन. जुन्या पिढीच्या तोंडी क्विनाईन हा शब्द क्वचितच असे.

मी स्वतः तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात काढली. धरणात पाणी किती यापेक्षा शेवटच्या नळाला किती येतं हे बघायची सवय लागली, आणि इतिहास वाचतानाही ती सुटत नाही. म्हणून कोयनेलचा हा आढावा मी नळाच्या बाजूने घेतो आहे.

मूळ झाड सिंकोना, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं. त्याच्या सालीतून क्विनाईन वेगळं काढलं ते १८२० मध्ये पॅरिसला, पेलेतिए आणि कावाँतू या दोघांनी. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅमच्या मोहिमेने झाडं आणि बिया मिळवल्या आणि निलगिरीत उटकमंडला मॅकायव्हरने त्यांची लागवड केली. या मॅकायव्हरची एक युक्ती मला फार आवडते. झाड न तोडता सालीच्या पट्ट्या सोलायच्या आणि उघड्या जागेवर ओलं शेवाळ बांधायचं, म्हणजे साल परत धरते. दार्जिलिंगकडे मंगपूलाही लागवड आणि कारखाना झाला. मद्रास सरकारने १८६६ ते १८६८ या काळात आयोग नेमून सालीतली इतर अल्कलॉइडं रुग्णांवर तपासली आणि तीही जवळपास तितकीच उपयोगी ठरली. त्यातूनच पुढे मंगपूला ‘सिंकोना फेब्रिफ्यूज’ नावाचं स्वस्त मिश्रण निघालं. पोटाला जड, मळमळ आणणारं, पण गरिबाला परवडणारं.

इंग्रजांची एक चूक मात्र पुढे सगळ्यांना भोवली. १८६५ मध्ये चार्ल्स लेजर या व्यापाऱ्याने बोलिव्हियातून उत्तम जातीच्या बिया लंडनला पाठवल्या. त्या जमवणारा त्याचा माणूस मान्वेल इन्क्रा मामानी. पुढे त्याला तिथल्या अधिकाऱ्यांनी पकडलं, मारहाण केली आणि त्यातच तो गेला. इंग्रज सरकारने बिया नाकारल्या, डचांनी त्यातल्या थोड्या घेतल्या आणि जावा बेटावर लावल्या. त्या झाडांच्या सालीत क्विनाईनचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर निघालं. विसाव्या शतकात जगातल्या क्विनाईनपैकी सुमारे नव्वद टक्के माल जावाचा होता आणि भाव ॲमस्टरडॅमला ठरत होता. एकाच टाकीवर सगळं गाव अवलंबून ठेवायचं नसतं, हे आमच्या खात्यात नवख्या ओव्हरसिअरलाही कळतं.

अर्थात आधी फायदाही झाला. सिलोनमध्ये कॉफीवर तांबेरा पडला तेव्हा मळेवाल्यांनी सिंकोना लावला आणि १८८० च्या दशकात बाजार सालीने भरून गेला. भाव कोसळले, मळेवाले चहाकडे वळले. या पडलेल्या भावामुळेच आपल्या विषयाच्या गाभ्याची गोष्ट शक्य झाली, ती म्हणजे पैशाची पुडी.

१८९२ मध्ये बंगालात जॉर्ज किंग यांच्या पुढाकाराने क्विनाईनच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून विकायला सुरुवात झाली. एका पुडीत पाच ग्रेन, किंमत एक पैसा. पुढे पुडी सात ग्रेनांची झाली. पुड्या भरण्याचं काम तुरुंगात कैद्यांकडून करून घेत. हळूहळू इतर प्रांतांतही ही पद्धत पोचली. कल्पना साधी होती. दवाखाना तालुक्याला एखादाच, पण टपाल कचेरी बाजारच्या गावीही असते. तिथे लिहिता-वाचता येणारा, हिशेब ठेवणारा, सरकारला जबाबदार असा माणूस आधीपासून बसलेला आहे. त्याच्याच टेबलावर औषध ठेवा. डॉक्टरची चिठ्ठी नको, तपासणी नको, पोस्टकार्डाबरोबर पुडी घ्या. आजच्या नियमांत हे बसणार नाही, आणि बसू नये. पण जिथे चिठ्ठी लिहिणाराच वीस मैलांवर आहे तिथे दुसरा मार्ग कोणता होता? माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी योजनांत इतकी अक्कलहुशारीची दुसरी क्वचितच सापडेल.

आता हिशेब करू. सात ग्रेन म्हणजे साधारण ०.४५ ग्रॅम. पुढे राष्ट्रसंघाच्या मलेरिया आयोगाने मोठ्या माणसासाठी जी मात्रा सांगितली ती रोज सुमारे एक ते सव्वा ग्रॅम, पाच ते सात दिवस. म्हणजे एका आजाराला कमीत कमी अकरा पुड्या, आणि पुरता उपचार करायचा तर एकोणीस. पुडीला पैसा हा दर धरला तर पावणेतीन ते पावणेपाच आणे. एका माणसाला जमेल कदाचित. पण या पट्ट्यात ताप घरात एकालाच येत नसे, आणि यायचा तो भाताच्या कापणी-मळणीच्या दिवसांत, मजुरी बुडवून. मग माणूस दोन पुड्या घेई, घाम येऊन ताप उतरे, आणि उरलेले पैसे मिठाला लागत. अर्ध्या उपचाराने ताप दबतो, जात नाही. आठ-पंधरा दिवसांनी तो परत यायचा आणि पाणथरी आणखी वाढायची. पुडीने मरणं टाळली असतील, पण रोगाचा साठा गावातच राहिला.

दुसरी अडचण नकाशाची. टपाल कचेरी बाजारच्या गावी, आणि ताप रानातल्या पाच-सात घरांच्या वाडीत. घाटाखाली गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य, टपाल वेगळं, चलन वेगळं. हुडहुडी भरलेला माणूस दहा मैल चालणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी जावं लागणार. वाटेत दुकानदार होताच, आणि दुकानातल्या कोयनेलची खात्री कोण देणार? १९३० मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा कमी प्रतीच्या आणि भेसळीच्या औषधांत क्विनाईनचाही पाढा वाचला गेला. १९४० चा औषध कायदा या समितीच्या शिफारशींतून आला.

मग मार्च १९४२. जपानने जावा घेतलं आणि जगाची नव्वद टक्के टाकी एका आठवड्यात बंद झाली. निलगिरी आणि मंगपूचं उत्पादन देशाच्या गरजेच्या मानाने तुटपुंजं होतं. जे होतं त्यावर पहिला हक्क फौजेचा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपासमारीच्या पाठोपाठ मलेरिया पसरला तेव्हा तिथे क्विनाईन काळ्या बाजारात गेलं होतं. फौजेला मेपाक्रिन नावाची कृत्रिम गोळी मिळाली, कातडी पिवळी करणारी. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सैनिक ती गोळी चुकवत, म्हणून जनरल स्लिम यांनी अचानक तपासण्या लावल्या आणि हयगय करणाऱ्या पलटणींच्या प्रमुखांना घरी पाठवलं. गोळी असूनही पोटात जात नाही, हा प्रश्न फौजेच्या शिस्तीतही सुटला नव्हता. मग रानातल्या वाडीकडून काय अपेक्षा करायची!

आपल्या पट्ट्यापुरती याची उकल औषधाच्या अंगाने झालीच नाही. मुंबई प्रांताचे मलेरियातज्ज्ञ डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी महायुद्ध संपतासंपता धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची मोहीम सुरू केली. इथला मुख्य वाहक ॲनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस हा डास. ओढ्यांच्या संथ, स्वच्छ पाण्यात वाढतो आणि माणसाच्या घरात भिंतीवर विसावतो. त्याची ही सवयच त्याच्या मुळावर आली. मुलांची पाणथरी हाताने चाचपून गावातला मलेरिया मोजायची पद्धत होती. फवारणीनंतर वाढलेल्या पाणथरीची मुलं झपाट्याने कमी झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला त्याआधीच भारतात हे करता येतं हे ज्या थोड्या ठिकाणी सिद्ध झालं होतं, त्यांत हा भाग आहे. इथल्या स्थानिक इतिहासात किल्ल्यांना आणि सनदांना जेवढी जागा मिळते तिचा दहावा हिस्सा तरी याला मिळायला हवा, असं माझं मत आहे.

१९५८ पासून नियंत्रणाऐवजी निर्मूलन हे ध्येय ठरलं. मग औषधाची वाटही उलटी झाली. मलेरिया कर्मचारी दर पंधरवड्याला दारात येऊन विचारू लागला, ‘कुणाला ताप?’ असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि मोठ्या माणसाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या तिथल्या तिथे द्यायच्या, फुकट. भेट झाल्याची तारीख घराच्या भिंतीवर आखलेल्या चौकटीत लिहायची. पुढच्या खेपेला तपासनीस आधी ती चौकट बघायचा, मग घरातल्यांशी बोलायचा.