लसीका तंत्र आणि शरीराची प्रतिकारव्यवस्था

रक्तातून ऊतकांत पाझरलेला द्रव (लसीका) गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडणाऱ्या वाहिन्या, त्यांच्या वाटेवर जागोजागी असलेल्या ग्रंथी आणि त्या ग्रंथींत वस्तीला असलेल्या पेशी यांची मिळून झालेली व्यवस्था. द्रव वाहून नेणे हे तिचे एक काम, त्या द्रवाबरोबर काय काय आले आहे हे तपासणे हे दुसरे. पायात काटा मोडून जखम चिघळली की एकदोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ उठते. मराठीत तिला ‘अवधाण’ म्हणतात. जखम पायाला आणि गाठ जांघेत, एवढ्या अनुभवात या तंत्राचा नकाशा सापडतो.

रचना : लसीकेच्या सर्वांत बारीक नळ्या एका टोकाला बंद असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशी घरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेर द्रव साचून दाब वाढला की त्यांच्या कडा आत ढकलल्या जाऊन द्रव आत शिरतो आणि मग परत बाहेर येऊ शकत नाही. रक्ताला हृदय आहे, लसीकेला तसा पंप नाही. मोठ्या लसीकावाहिन्यांच्या भिंती स्वतः आकुंचन पावतात, चालताना पोटऱ्यांचे स्नायू त्यांना पिळतात, श्वासाबरोबर छातीतला दाब बदलतो आणि आतल्या झडपा द्रव मागे येऊ देत नाहीत. रात्रभर एसटीत पाय सोडून बसलेल्या माणसाचे घोटे सुजतात ते यांतली बरीच कामे थांबतात म्हणून. दोन्ही पाय, पोट आणि शरीराचा डावा वरचा भाग यांची लसीका छातीतल्या मुख्य वाहिनीतून मानेच्या डाव्या बुडाशी शिरेत पडते. उजवा हात, छातीची उजवी बाजू आणि डोक्यामानेची उजवी बाजू यांच्यासाठी वेगळी, आखूड वाहिनी आहे. आतड्यातून येणारी लसीका स्निग्ध जेवणानंतर दुधासारखी पांढरी होते.

दिवसाला लसीका किती तयार होते याबद्दल पुस्तकांत एकमत नाही. जुनी पाठ्यपुस्तके सुमारे 3 लिटर म्हणतात. ग्रंथींतून जाताना लसीकेतले बरेच पाणी तेथेच रक्तात परत जाते, हे लक्षात घेऊन अलीकडचे लेखक मोठा आकडा देतात. ग्रंथींची संख्या बहुधा 500 ते 600 सांगितली जाते.

इतिहास : 1622 मध्ये इटलीत गास्पारो आसेल्ली यांना नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या पडद्यात पांढऱ्या वाहिन्या दिसल्या. छातीतली मुख्य वाहिनी 1651 मध्ये झां पेके यांनी वर्णिली. सर्व शरीरभर पसरलेल्या लसीकावाहिन्यांच्या शोधाचा मान डेन्मार्कचे बार्थोलिन आणि स्वीडनचे रूडबेक यांच्यात वादाचा राहिला.

ग्रंथीतील घडामोडी : त्वचा, श्लेष्मा आणि जठरातले आम्ल ही शरीराची पहिली तटबंदी. ती फुटली की काही तासांत न्यूट्रोफिल पेशी जखमेवर धावतात आणि जंतूंना गिळू लागतात. ही धावपळ आंधळी असते. समोरचा जंतू नेमका कोणता, याची ओळख तिला लागत नाही. ओळख पटवण्याचे काम ग्रंथीत होते.

जखमेच्या जागी असलेल्या डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे उचलतात आणि लसीकेबरोबर जवळच्या ग्रंथीत येतात. या पेशींचे महत्त्व राल्फ स्टाइनमन यांनी 1973 पासून दाखवून दिले. त्याबद्दलचे नोबेल 2011 मध्ये जाहीर झाले, तेव्हा ते तीन दिवसांपूर्वीच वारले होते. ग्रंथीत टी पेशी दाटीने असतात, पण प्रत्येकीला ओळखता येते ती एकच खूण. एखाद्या जंतूची खूण ओळखणारी पेशी लाखांत एखादीच. ती सबंध शरीरभर शोधत बसणे शक्य नाही. म्हणून जंतूचे तुकडे आणि पेशी दोघांनाही एका ठिकाणी आणायचे, ही शरीराने काढलेली तोड आहे आणि लसीका ग्रंथीचे सगळे मोल याच एका गोष्टीत आहे. आठवडी बाजार असाच भरतो. गिऱ्हाईक दारोदार हिंडत नाही आणि विकणाराही हिंडत नाही.

पेशी ग्रंथीत कायमच्या बसून राहतात असे पूर्वी मानले जाई. ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस उंदरांवर प्रयोग करून दाखवले की लिम्फोसाइट पेशी (टी आणि बी) रक्तातून ग्रंथीत, ग्रंथीतून लसीकेत आणि लसीकेतून पुन्हा रक्तात अशा अखंड फिरत असतात. एका ग्रंथीत जंतूच्या तुकड्याशी जोडी जमली नाही तर पेशी पुढच्या ग्रंथीत जाते. जोडी जमली की ती तेथेच थांबून दुभागत राहते आणि काही दिवसांत एकीच्या हजारो होतात. बी पेशी याच सुमारास प्रतिपिंडे घडवू लागतात, त्यांतल्या अधिक घट्ट चिकटणाऱ्या निवडल्या जातात. ग्रंथी सुजते आणि दुखते ती या गर्दीने. अवधाण म्हणजे चालू असलेले काम.

लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, थोड्या उरतात. त्या उरलेल्या म्हणजे शरीराची आठवण. लस हीच आठवण रोगाशिवाय करून देते. दंडात टोचलेल्या लशीने काखेतली ग्रंथी सुजते ती याच वाटेने. गोवराचा विषाणू नेमका या आठवणीवर घाला घालतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांची गोवरापूर्वीची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे आजारानंतर नाहीशी झालेली आढळली. ‘गोवर काय, येतो आणि जातो’ म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मुंबईचा प्लेग : ग्रंथीचा पराभव कसा होतो याची सविस्तर नोंद मुंबई इलाख्यात झाली. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात मूळ गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग्यांच्या जांघेतल्या गाठी पाहून प्लेगचे निदान केले. त्या काळच्या मराठीत या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत आणि हे नाव शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक आहे. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत. महाभक्षी पेशी जंतूला गिळतात, पण प्लेगचा जंतू त्यांच्या पोटात मरत नाही. त्यांच्याबरोबरच तो ग्रंथीत पोचतो, तेथे वाढतो आणि ग्रंथी फोडून रक्तात उतरतो. ज्या वाटेने बातमी यायची त्याच वाटेने शत्रू येतो.

वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा 1899 मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, 1925 पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या काखा आणि जांघा चाचपून गाठी शोधल्या जात. त्या तपासणीने, विशेषतः स्त्रियांच्या, उसळलेला संताप हा वेगळ्या नोंदीचा विषय आहे.

प्लीहा : मराठीत पानथरी. ही लसीका नव्हे, रक्त गाळते. ती काढून टाकलेल्या रुग्णाला न्यूमोकॉकससारख्या जंतूंविरुद्धच्या लशी द्याव्या लागतात.

यौवनलोपी ग्रंथी : टी पेशी येथे घडतात. तिचे काम जाक मिलर यांनी 1961 मध्ये दाखवले.

इतर प्राणी : बेडकाला लसीका पुढे ढकलणारी स्वतंत्र लसीका-हृदये असतात.

आवर : स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या टी पेशींना आवर घालणाऱ्या पेशी शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये ओळखल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना 2025 चे नोबेल मिळाले.

विकार : मानेतल्या ग्रंथींचा क्षय म्हणजे जुन्या भाषेतली गंडमाळ. भारतात फुप्फुसाबाहेरच्या क्षयात हा प्रकार नेहमी आढळतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी सरसकट काढल्यास हात सुजू शकतो. म्हणून आता शक्य तेथे, अर्बुदाची लसीका प्रथम ज्या ग्रंथीत येते तीच आधी तपासतात.

हत्तीपाय हा मात्र लसीकेचाच रोग. क्युलेक्स डास चावल्यावर शरीरात शिरलेले हत्तीरोगाचे कृमी लसीकावाहिन्यांतच राहतात आणि तेथे काही वर्षे जगतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात आणि द्रव पायात साचतो. काहींना दुधासारखी लघवी होते. आतड्याची पांढरी लसीका वाट चुकून मूत्रमार्गात उतरल्याचे ते लक्षण. या कृमींची पिल्ले रक्तात रात्री येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्रीच दारोदार रक्तनमुने घेतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा रोग जुना आहे. तेथे वाटल्या जाणाऱ्या हत्तीरोगावरच्या गोळ्या दुखणे नसलेल्यांनीही घ्यायच्या असतात, कारण रक्तात पिल्ले बाळगणाऱ्या पुष्कळांना काहीच होत नसते आणि डास ती त्यांच्याकडूनच उचलतो.

एकदा मोठा झालेला पाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. तो रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा केला, भेगांना मलम लावले आणि बसताना उंचावर ठेवला, तर ताप आणि सूज यांचे झटके बरेच कमी होतात.