मुक्ताचा निबंध

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा माझ्या मनात किल्ले आणि लढाया आल्या नाहीत. आली ती एक शाळकरी मुलगी. तिची आठवण का झाली ते सांगायचे, तर आधी माझी एक चूक कबूल केली पाहिजे.

मंडळाच्या मुलांच्या वर्गात मी निबंध घेते. एकदा 'पावसाळा' हा विषय दिला. बहुतेकांनी धरणीचा हिरवा शालू आणि नाचणारा मोर लिहिला. (धरमतरच्या खाडीवर नाचताना मोर कुणा भगिनीने पाहिला असेल तर मला जरूर कळवावे!) तिसरीतल्या एका मुलीने मात्र लिहिले की, उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली, बापूस बॅटरी घेऊन धावला आणि आयस सकाळपर्यंत जेवली नाही. मी तांबडी पेन्सिल उचलली. 'बापूस'चे 'वडील' केले, 'खांड'चे 'भगदाड' केले, आणि शेवटी 'असा हा पावसाळा मला फार आवडतो' हे वाक्य घालायला सांगितले. ज्या पावसाने तिच्या घरचे शेत खारे केले, तो तिला आवडायला लावला! पुढच्या आठवड्यात तिनेही मोर लिहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुक्ता साळवे हिचा निबंध माझ्या वाचनात आला. सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी पुण्यास १८४८ साली मुलींची शाळा काढली, हे आपण सर्वजणी जाणतो. पुढे त्यांनी महार-मांग मुलांमुलींसाठीही शाळा चालविल्या. त्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता ही मांग समाजातील मुलगी. वय अवघे चौदा, आणि शिक्षण झालेले तीन वर्षांचे. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्राने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापला. मिशनऱ्यांनी १८४२ साली अहमदनगरास सुरू केलेले हे पत्र. त्यात एका अस्पृश्य मुलीचे लिखाण तिच्या नावाने यावे, ही त्या काळी केवढी गोष्ट!

निबंधात ती विचारते की, वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आम्ही धर्मपुस्तकावाचूनचेच ठरलो. मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. कुणी म्हणेल, हे विचार तिच्या गुरुजींचे. असतीलही. शिकविणाऱ्याचा ठसा मुलावर उमटायचाच. परंतु पुढे ती आपल्या बायकांच्या बाळंतपणाविषयी लिहिते: घरावर छप्पर नाही, थंडीवाऱ्यात बाई बाळंत होते, तिचे हाल ती स्वतःच्या अनुभवावरून समजून घ्या म्हणून सांगते. हे काही कोणत्या पुस्तकात वाचून येत नाही. हे घरी, आईच्या उशाशी बसून कळलेले असते. तिच्या शिक्षकांनी अक्षरे दिली आणि घरचे दुःख कागदावर उतरू दिले. तिथे मी असते तर? बहुधा 'असे अमंगळ निबंधात लिहू नये' म्हणून ती ओळ खोडली असती.

पुढे १८६२ साली, तिकडे रशियात, टॉलस्टॉयने आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेतला एक प्रसंग लिहिला आहे. एका म्हणीवरून गोष्ट लिहायला तो स्वतः बसला, तर मुलांनी त्याच्याच लिखाणातल्या चुका दाखवून गोष्ट अधिक खरी केली. एवढा मोठा लेखक. पण लिहायला कोणी कोणाकडून शिकावे, असा प्रश्न त्याने जाहीरपणे विचारला. आपल्याला एवढे धैर्य होत नाही. आपल्याला वही नीटनेटकी लागते.

आणि इतके लांब तरी कशाला जावे? विनोबांचा जन्म १८९५ साली आपल्याच पेण तालुक्यात, गागोद्यास झाला. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. त्यांना गीता समजून घ्यायची होती, पण मुलाने आणून दिलेली मराठी गीता अवघड वाटली. तेव्हा, मग तूच का लिहीत नाहीस, असे त्या मुलालाच म्हणाल्या. त्या १९१८ साली वारल्या आणि 'गीताई' लिहून झाली ती १९३१ साली. आईचे ते शब्द मुलाने किती वर्षे सांभाळले पाहा.

मी त्या मुलीला पुन्हा बोलाविले. जुना कागद तिने फाडून टाकला होता. मी म्हटले, "त्या रात्रीचे परत लिही, जसे घरी सांगतेस तसे." ती बराच वेळ पेन्सिल चावीत बसली. मग म्हणाली, "बाई, चुका काढनार नाय ना?"

"आज नाही," मी म्हटले. तांबडी पेन्सिल मी घरीच ठेवून आले होते. तिने दीड पान लिहिले. खांड कशी भरतात, चिखलाची ढेकळे एका हातातून दुसऱ्या हातात कशी जातात, हे मला इतकी वर्षे इथे राहून ठाऊक नव्हते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ आहेत. त्या आम्ही दोघी मिळून पुढच्या महिन्यात पाहणार आहोत.