सारसाच्या घरट्याचा पहारा

पाऊस लागला की तळं भरते, अन् तळं भरलं की पाखरं घर बांधायला घेतात. आज अशाच एका पाखराचा अन् त्याच्या घरट्यावर पहारा देणाऱ्या माणसांचा इतिहास सांगते. पाखरू आहे सारस. आपल्या अमरावती-अकोल्याकडे ते दिसत नाही. त्याला पाहायचं तर विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गोंदियाच्या धानपट्ट्यात जावं लागते.

सारस म्हणजे उडणाऱ्या पाखरांमध्ये सगळ्यात उंच. उभा राहिला की जवळजवळ माणसाएवढा. अंग राखाडी, डोकं-मान लाल, अन् जोडी कायमची. रामायणाच्या सुरुवातीला पारध्याच्या बाणानं जोडीतला एक क्रौंच पडतो अन् वाल्मीकींच्या तोंडून श्लोक निघतो. तो क्रौंच म्हणजे सारसच, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

सारसाच्या घरट्यावर नीट नजर ठेवून ते लिहून ठेवणारा एक जुना माणूस म्हणजे बादशहा जहांगीर. त्याचं राज्य 1605 ते 1627. त्यानं सारसाची एक जोडी पाळली होती, नावं लैला अन् मजनू. मादीनं अंडी घातली तेव्हा त्यानं पाहून लिहिलं, की रात्रभर मादी अंड्यांवर बसते अन् नर शेजारी उभा राहून राखण करतो. सूर्य उगवला की नर जवळ येतो, चोचीनं तिची पाठ हलकेच खाजवतो, मग ती उठते अन् तो बसतो. बायांनो, आळीपाळीनं लेकरं सांभाळायची ही रीत पाखरांना कोणी शिकवली नाही.

आता गोंदियाकडे येऊ. भंडारा-गोंदिया हा तळ्यांचा मुलूख. गोंड राजांच्या काळापासून तिथं कोहळी समाजानं तळी बांधली. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. पुढे ही तळी मालगुजारी तलाव म्हणून ओळखली गेली. गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं, पाणी वाटून देणं, सगळं गावच्या हातानं चालत होतं. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली, अन् सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, अशी गत झाली. गाळ साचला, काठावर बेशरम माजली. मासे कमी झाले, पाखरांचा आसराही गेला.

सारस पावसाळ्यात घरटं करतो. उथळ पाण्यात गवत-लव्हाळं रचून मोठा ढीग करतो अन् त्यावर बहुधा दोन अंडी घालतो. महिनाभर उबवतो. तळ्यात जागा उरली नाही म्हणून तो भरल्या धानाच्या बांधीतही घर करू लागला. म्हणजे सारसाचं लेकरू आता शेतकऱ्याच्या पदरात आलं. थोडं धान मोडते, त्या तुकड्यात निंदण करता येत नाही. घरट्यात कुत्रं शिरते, पोरं अंडी उचलतात. फवारणीचं विष, अंगावर येणाऱ्या विजेच्या तारा, ही वेगळीच भीती. दोन अंड्यांतलं एक पिल्लू उडण्याएवढं मोठं झालं तरी नशीब.

या शतकाच्या सुरुवातीला गोंदियात बोटावर मोजण्याइतके सारस उरले होते. तेव्हा तिथल्या ‘सेवा’ या निसर्गसंस्थेची तरुण मंडळी शेतकऱ्यांच्या दारी गेली. घरटं कुठं आहे ते विचारायचं, दुरून पाहायचं, मालकाला समजावायचं अन् पिल्लू उडेपर्यंत लक्ष ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. हळूहळू ज्याच्या शेतात घरटं, तोच राखणदार झाला. दर उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, वनखातं, संस्था अन् गावकरी मिळून पहाटे सारस मोजतात. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही स्वतःहून सारसांच्या प्रश्नाची दखल घेतली. तरी अजून राज्यातले सारस दोन-चार डझनांच्या पुढे जात नाहीत. लढाई संपलेली नाही.

आता बायांची गोष्ट. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी तळ्यातली बेशरम उपटली अन् तळ्याच्या पोटात देशी पाणवनस्पती लावल्या. त्यांच्या मनात होती मासोळी, म्हणजे घरची चूल. पण वनस्पती आल्या तशी मासोळी वाढली, अन् मासोळीमागं पाखरंही आली. पोट अन् पाखरू एकाच तळ्यावर जगते, हे त्यांनी करून दाखवलं.

दुसरी गोष्ट दूर आसामची. तिथं हरगिला नावाचा मोठा करकोचा आहे. दिसायला कुरूप, सडकं खाणारा, म्हणून लोक त्याला अपशकुनी मानत. 2007 मध्ये पूर्णिमा देवी बर्मन यांनी एक झाड तोडलेलं पाहिलं. त्यावर नऊ घरटी होती, पिल्लं खाली पडलेली. मालकाला रागं भरून भागलं नाही, म्हणून त्यांनी गावच्या बाया जमवल्या. आपल्याकडे डोहाळजेवण करतात, तसा सोहळा त्यांनी हरगिलासाठी केला. लुगड्यांवर त्याची नक्षी विणली. आज 10,000 हून जास्त बाया या कामात आहेत. दादरा-पचरिया भागातली घरटी 28 वरून 250 च्या वर गेली. पाखरू तेच, झाडं तीच. बदललं ते बायांचं मन.

आपल्याकडे सारस नाही, हरगिला नाही. पण गावतळ्यावर टिबुकली आहे. पाण्यावर तरंगतं घरटं करते, उठताना अंडी शेवाळानं झाकून जाते, अन् पिल्लं पाठीवर घेऊन फिरते. कमळपक्षी आहे, पाणकोंबडी आहे. उघड्या रानात अंडी घालणारी टिटवी तर आपल्याला पाऊसपाणी सांगणारी. तिनं अंडी उंचवट्यावर घातली की यंदा पाणी जास्त, असं आपली आजी सांगायची. खारपाणपट्ट्यात गोड पाण्याचं तळं आपल्यालाही मोलाचं अन् त्यांनाही.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं एक बोला. पावसाळ्यात तळ्याचा एक कोपरा घरट्यांसाठी सोडायचा. तिथं ढोरं धुवायची नाहीत, गोधड्या धुवायच्या नाहीत, कुत्री सोडायची नाहीत. घरटं दिसलं तर दुरूनच पाहायचं. फोटोसाठी जवळ गेलं की आई उठते अन् कावळा अंडं नेतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. अंडी उचलणं, घरटं मोडणं यालाही तो शिकारच म्हणतो, हे पोरांना सांगा. अन् एका वहीत लिहून ठेवा, कोणत्या तारखेला घरटं दिसलं, कधी पिल्लं निघाली, किती जगली. बादशहानं लिहिलं म्हणून चारशे वर्षांनी आपण वाचतो. आपल्या तळ्याचा इतिहास आपण नाही लिहिला, तर कोण लिहील?

येते मैत्रिणींनो. तळ्यावर जाल तेव्हा पायाखाली बघून चाला.