अंधारखोलींतील जुनीं साधनें

वाशीमच्या पश्चिमेस लोणारचें सरोवर व त्याच्या कांठचीं प्राचीन मंदिरें आहेत. १८६० नंतरच्या दशकांत मेजर रॉबर्ट गिल यांनीं त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. याच गृहस्थांनीं अजिंठ्याच्या चित्रांच्या रंगीत प्रतिकृति वर्षानुवर्षें खपून तयार केल्या होत्या. त्यांपैकीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलेल्या बहुतेक १८६६ च्या आगींत नष्ट झाल्या. छायाचित्रें मात्र उरलीं.

त्या काळीं कांचेवर कलोडियन ओतून, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवून, ओली असतांनाच चित्र घ्यावें व लागलीच धुवावें लागे. त्यामुळें डार्करूम, म्हणजे अंधारखोली, तंबूच्या रूपानें छायाचित्रकाराच्या मागोमाग हिंडे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत कांच सुकावयास अवधि तो किती! तरीही ही विद्या आपल्याकडे लवकर रुजली. १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या प्रमुख सभासदांपैकीं होते. पुढें १८७१ सालीं डॉ. मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या प्लेटचा शोध प्रसिद्ध केला आणि अंधारखोली हळूहळू घरांत स्थिरावली.

माळ्यावर किंवा बंद पडलेल्या स्टुडिओंत सांपडणाऱ्या वस्तूंची ओळख याच क्रमानें पटते. प्लेट धरण्याच्या लांकडी चौकटीच्या तळाशीं काळे ओघळ असतील, तर ती बहुधा ओल्या पद्धतीची. लाल कांचेचा कंदील हा तांबड्या प्रकाशाची जाणीव नसलेल्या प्लेटांचा सोबती. सर्व रंग टिपणाऱ्या प्लेटा १९०६ सालीं बाजारांत आल्या व त्यांना पूर्ण अंधार लागूं लागला. आडवा, जादूच्या कंदिलासारखा एन्लार्जर साधारणतः जुना. खांबावर खालीं-वर सरकणारा त्यामानानें अलीकडचा. पितळी पट्टीवरील कारखान्याचें नांव, पत्ता व क्रमांक आधीं टिपून ठेवावे.

म्हणूनच अशी वस्तु हातीं येतांच घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह आवरला पाहिजे. पॉलिश कागदानें तो काळा ओघळ जातो व त्याबरोबर पुरावाही जातो. मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी, इतकेंच पुरे. जुन्या बाटल्या उघडूं नयेत, हुंगूं नयेत, मोरींत ओतूं नयेत. ओल्या पद्धतींत पोटॅशियम सायनाइड वापरीत. अम्लाशीं संयोग होतांच त्यांतून प्राणघातक वायु सुटतो. अशा बाटल्या रसायनतज्ज्ञाच्याच हवालीं कराव्या. एन्लार्जरची जुनी, सुती वेष्टणाची तार बदलल्यावांचून वीज जोडूं नये. दिव्याच्या पेटीला आंतून ॲस्बेस्टॉसचें अस्तर असल्यास तें खरवडूं नये. १९५० च्या सुमारापर्यंत वापरांत असलेली नायट्रेट फिल्म पिवळट, चिकट व उग्र वासाची झाली असल्यास ती उष्णतेपासून दूर ठेवून अभिलेखागारास कळवावें; ती पेटली तर पाण्यानेंही विझत नाहीं.

कांचेच्या प्लेटा सांपडल्या तर अधिकच जपावें. त्यांची लेपाची बाजू हातानेंही पुसूं नये. कोरडी पाठ तेवढी झाडावी व प्रत्येक प्लेट स्वतंत्र कागदांत गुंडाळून कडेवर उभी ठेवावी. जुना खोका फेंकूं नये. त्यावर पेन्सिलीनें लिहिलेलें गांवाचें नांव व साल हीच पुष्कळदां प्लेटेवरील चेहऱ्याची एकुलती एक ओळख असते.